अर्ज तुमचा, मोबाइल नंबर एजंटाचा

हळदीच्या पट्ट्यातल्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव-गाव छापू नका असं त्यांनी बजावलं आहे, म्हणून फक्त हकिगत सांगतो. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेतून त्यांनी बँकेचं कर्ज घेतलं, हळद आणि मसाला दळायचं मशीन आणलं, घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसवलं. गावातल्या चौघीजणी कामाला यायला तयार आहेत. वर्षाची उलाढाल नऊ लाखांच्या आत धरली आहे. वसमतच्या बाजारातून घेतलेली बारा क्विंटल हळद शेडमध्ये पडून आहे, कीड लागेल ही धास्ती आहे आणि बँकेचा हप्ता सुरू झाला आहे. अन्न नोंदणीचा अर्ज जूनमध्ये एका एजंटामार्फत भरला, त्याला चार महिने झाले. पुढचं त्यांच्याच शब्दांत:

"सात चकरा झाल्या. कधी साहेब दौऱ्यावर गेलेत म्हणायलेत, कधी सर्व्हर बंद आहे म्हणायलेत. एकानं ग्रामपंचायतीची ना हरकत आण म्हणलं, दुसऱ्यानं पाचशेच्या बाँडवर शपथपत्र सांगितलं. गुमास्ता काढा, प्रदूषणचं लायसन काढा, असंही कुणी कुणी म्हणायलेत. एजंटानं तीन हजार घेतले, आता आणखी बारा हजार मागायलाय, त्यात साहेबांचे वेगळे म्हणतो. सर, मशीन परत करू का? आणि तीन हजार दिले म्हणून मी गुन्ह्यात अडकते का?"

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यानंच तुमची झोप उडवलेली दिसते. फॉर्म भरून देण्याची मजुरी म्हणून एजंटाला पैसे देणं हा गुन्हा नाही. तो सरकारी नोकर नाही आणि फॉर्म भरण्याचे पैसे घ्यायला कायद्याची बंदी नाही. मात्र "साहेबांसाठी" म्हणून दिलेले पैसे वेगळे. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८ मध्ये २०१८ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून लाच देणाराही कलम ८ खाली दोषी ठरू शकतो, मग ती मध्यस्थामार्फत का दिलेली असेना. त्याच कलमात तुमच्यासारख्यांना संरक्षणही आहे: बळजबरीनं द्यावी लागली आणि सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा लाचलुचपत विभागाला कळवलं, तर देणाऱ्यावर गुन्हा लागत नाही. तुमचे तीन हजार "फॉर्मचे" म्हणून गेले असं तुम्ही लिहिता, तेव्हा त्याची भीती सोडा. बारा हजारांतला एक रुपयाही देऊ नका. साहेबांच्या नावावर पैसे घेणारा एजंट स्वतःच कलम ७-अ खाली येतो आणि त्याला तीन ते सात वर्षांची शिक्षा आहे. पुन्हा मागणी आली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा निःशुल्क क्रमांक फिरवा. पैसे देण्याच्या आधी फिरवा, नंतर नव्हे. आधी कळवून त्यांच्या सांगण्यावरून रक्कम दिली, तर तेही कलम ८ नुसार तुमच्या अंगावर येत नाही.

आता अर्जाकडे येऊ. तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं: "मेसेज एजंटाच्या मोबाइलवर येतात." माझ्या मते सगळी गाठ इथे आहे. अन्न नोंदणीचा अर्ज केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या फॉसकॉस या पोर्टलवर होतो. कार्यालयाला एखादी शंका असली, फोटो नीट दिसत नसला, पत्ता अपुरा असला, की अर्ज त्रुटी दाखवून अर्जदाराकडे परत पाठवला जातो आणि उत्तर द्यायला मुदत असते. ती उलटली की अर्ज आपोआप निकाली निघतो. परत आल्याचा निरोप अर्जात दिलेल्या नंबरवर जातो. नंबर एजंटाचा असेल तर तुम्ही खिडकीपाशी उभ्या राहता, खिडकीतला माणूस "तुमच्याकडेच पेंडिंग आहे" म्हणतो, तुम्हाला वाटतं तो टाळतोय, आणि खरं काय ते फक्त एजंटाला ठाऊक असतं. हे मी कितीतरी पक्षकारांच्या बाबतीत पाहिलं आहे. म्हणून आधी एजंटाकडून सतरा आकडी अर्ज क्रमांक, लॉगिन आणि पासवर्ड मागून घ्या. तो देत नसेल तर फी भरल्याची पावती तरी मिळवा, तिच्यावर क्रमांक असतो. त्यावरून पोर्टलवर अर्जाची स्थिती पाहा आणि त्या पानाची छापील प्रत काढून ठेवा. अर्ज निकाली निघाला असेल तर कुढत बसू नका. स्वतःच्या नंबरवरून नवा भरा, फी दरवर्षाची शंभर रुपयेच आहे.

अर्ज जिवंत असेल आणि त्यावर काहीच निर्णय नसेल, तर कायदा तुमच्या बाजूनं स्पष्ट आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ३१ मध्ये तुमच्यासारख्या छोट्या उत्पादकाला परवान्यातून सूट आहे, त्याला फक्त नोंदणी लागते. २०११ च्या परवाना व नोंदणी विनियमांनुसार नोंदणी अधिकाऱ्यानं अर्ज आल्यापासून सात दिवसांत तीनपैकी एक गोष्ट करायची असते: नोंदणी द्यायची, लेखी कारण देऊन नाकारायची, किंवा पाहणीची नोटीस काढायची. पाहणी काढली तरी तीस दिवसांत निर्णय कळवायचा असतो. सात दिवसांत यातलं काहीच झालं नाही, किंवा तीस दिवसांत निर्णय कळवला नाही, तर छोटा उत्पादक व्यवसाय सुरू करू शकतो. स्वच्छतेचे नियम मात्र त्याला पाळावेच लागतात. परवाना लागणाऱ्या मोठ्या उद्योगासाठीही कलम ३१ मध्ये अशीच तरतूद आहे, तिथे मुदत दोन महिन्यांची आहे.

म्हणजे लगेच मशीन सुरू करायचं का? पोर्टलवर त्रुटीचा शेरा नाही याची आधी खात्री करा. मग कार्यालयाला एक साधं पत्र लिहा: अमुक तारखेचा अमुक क्रमांकाचा अर्ज, इतके दिवस झाले, नोंदणी नाही, नकार नाही, पाहणीची नोटीस नाही, विनियमांनुसार मी अमुक तारखेपासून उत्पादन सुरू करत आहे, पाहणीला कधीही यावे. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. घेत नसतील तर रजिस्टर पोस्टानं पाठवा. उद्या कुणी विनानोंदणी धंद्याचा आरोप केला तर तो पोचेचा कागद तुमच्यासाठी उभा राहील.

तुमच्या पत्रात प्रत्येक कागदाला "लायसन" म्हटलं आहे. सगळेच तसं म्हणतात आणि इथेच लोक लुबाडले जातात. परवाना म्हणजे सरकारनं दिल्याशिवाय काम सुरू करता येत नाही असा कागद. नोंदणी म्हणजे आम्ही अमुक ठिकाणी अमुक करतो याची नोंद. सूचना म्हणजे नुसतं कळवणं, त्यावर कुणाच्या मंजुरीची वाट पाहायची नसते. कायदे गेल्या काही वर्षांत परवान्याकडून नोंदणीकडे आणि नोंदणीकडून सूचनेकडे सरकले आहेत. खिडकीवरच्या तोंडी याद्या मात्र जुन्याच राहिल्या. तुम्हाला सांगितलेला "गुमास्ता", म्हणजे दुकाने कायद्याखालचा कागद, त्याचंच उदाहरण. १९४८ चा दुकाने कायदा जाऊन २०१७ चा आला. मोजकेच कामगार असतील तर त्यात नोंदणी प्रमाणपत्र नाही, ऑनलाइन सूचना द्यायची, संपलं. तुमच्याकडे चौघी आहेत. त्या कागदासाठी कुणी हजारो रुपये मागत असेल तर तो न लागणाऱ्या वस्तूची किंमत सांगतो आहे. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची केंद्राकडची नोंद, हीही १ जुलै २०२० पासून मोफत आहे आणि त्यासाठी कागद चढवावे लागत नाहीत. प्रदूषण मंडळ उद्योगांची रंगांवरून वर्गवारी करतं. पांढऱ्या वर्गाला संमती लागत नाही, इतरांना लागते. आपली दळणाची चक्की कोणत्या वर्गात बसते ते मंडळाच्या यादीत पाहूनच त्या वाटेला जा.

शपथपत्राचं सांगतो. ९ मार्च २०१५ च्या शासन निर्णयानं, कायद्यात स्पष्ट सांगितलेलं नसेल तिथे, राज्य शासनाच्या कार्यालयांनी शपथपत्राऐवजी स्वयंघोषणापत्र आणि साक्षांकनाऐवजी स्वतःच्या सहीची प्रत घ्यायची असं ठरलं आहे. शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क तर २००४ पासून माफ आहे. पाचशेचा बाँड कुणी मागितला तर एवढंच म्हणा: "कोणत्या नियमानं लागतो ते लिहून द्या." आवाज चढवू नका. लेखी मागितलं की बऱ्याच मागण्या विरून जातात.

ग्रामपंचायतीच्या ना हरकतीबाबत माझा सल्ला थोडा वेगळा आहे. ती खरंच लागते का, हे पोर्टलवरच्या कागदांच्या यादीत पाहा. लागत नसली तरी गावाशी वाकडं घेऊ नका. धूळ आणि आवाज शेजाऱ्यांना होणारच. ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्या, घरपट्टी थकली असेल तर भरून टाका. तरी अडवलं तर गटविकास अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगतो. सगळेच नियम जाच नसतात. हळदीचा रंग खुलवायला लेड क्रोमेट हा शिशाचा रंग आणि मेटॅनिल यलो हा रासायनिक रंग मिसळणारे लोक आहेत, आणि शिसं लेकरांच्या मेंदूवर परिणाम करतं. २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. ते नाव टिकायचं असेल तर अन्न नोंदणी, स्वच्छता आणि नमुना तपासणी हवीच. म्हणून नोंदणी क्रमांक मिळाला की तो पाकिटावर छापायला संकोच करू नका. पाकीटबंद मालासाठी वजनमापं तपासणाऱ्या वैधमापन खात्याकडे पॅकर म्हणून नोंदणी लागते, पॅकिंग सुरू केल्यापासून नव्वद दिवसांत, फी पाचशे रुपये. इलेक्ट्रॉनिक काट्यावर दरवर्षी मुद्रांकन करून घ्या. हे कागद ग्राहकाच्या हिताचे आहेत, ते टाळायच्या भानगडीत पडू नका. मला चीड येते ती बाकीच्या कागदांची, ज्यांनी ना हळद शुद्ध होते ना चौघींचं काम सुरक्षित होतं. मोठ्या गुंतवणूकदारांसाठी राज्यानं "मैत्री" ही एक खिडकी उघडली, २०२३ मध्ये त्यासाठी कायदाही केला. पत्र्याच्या शेडमधल्या बाईला मात्र सात चकरा. तिची मुदत त्यांच्या मुदतीइतकीच पाळली गेली पाहिजे.

कार्यालय पत्रालाही दाद देत नसेल तर दोन वाटा आहेत. पहिली, माहितीचा अधिकार. दहा रुपये फी, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, आणि विचारायचं एवढंच: माझ्या अर्जावर रोज काय कारवाई झाली, तो कोणत्या अधिकाऱ्याच्या टेबलावर किती दिवस होता, ठरलेली मुदत कोणती. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. बऱ्याचदा उत्तराआधी कामच होतं. दुसरी, महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. कार्यालयाच्या फलकावर अधिसूचित सेवांची यादी, मुदत आणि अपील अधिकाऱ्याचं पद लावलेलं असायला हवं. तुम्हाला हवी ती सेवा त्या यादीत असेल तर मुदत टळल्यापासून तीस दिवसांत पहिलं अपील करा. विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये शास्ती होऊ शकते. उच्च न्यायालयाचं औरंगाबाद खंडपीठ आहेच, व्यवसायाचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(छ) मध्ये आहे, पण तुमच्या कामासाठी तिथवर जायची वेळ येऊ नये.

मशीन परत करू नका. तुमचं कर्ज ज्या योजनेतलं आहे तिच्यात प्रत्येक जिल्ह्यात "जिल्हा संसाधन व्यक्ती" नेमलेल्या असतात. अन्न नोंदणी आणि उद्यम नोंदणीत मदत करणं हे त्यांचं कामच आहे, तुमच्याकडून पैसे न घेता. अशा नोंदण्या झाल्याशिवाय त्यांना त्यांच्या मानधनाचा उरलेला भाग मिळत नाही, तेव्हा तुमचं काम लवकर व्हावं यात त्यांचाही फायदा आहे. सोमवारी तालुका कृषी कार्यालयात जा, त्यांचं नाव आणि नंबर मागा. सोबत बँकेचं मंजुरीपत्र, आधार, शेडचा पुरावा आणि अर्जाच्या स्थितीची ती छापील प्रत न्या. नव्या अर्जात मोबाइल नंबर टाकायची वेळ येईल तेव्हा तुमचाच टाका, घरातल्या पुरुषाचाही नको.