८० किमीआधीचा आठवडा: दुप्पट चंदी आणि इलेक्ट्रोलाइट

साडेचारशे किलोची घोडी, आठवड्यावर ८० किमीची लांब पल्ल्याची घोडदौड स्पर्धा. शेवटचे तीन दिवस चंदी (दाण्याचा खुराक) दुप्पट करू का आणि इलेक्ट्रोलाइट, म्हणजे घामावाटे जाणारे क्षार, आधीच भरून ठेवू का, असं विचारलंय. कृपा करून दोन्ही करू नका.

एकदम वाढवलेल्या दाण्यातला स्टार्च लहान आतड्यात पुरता पचत नाही. उरलेला मोठ्या आतड्यात जाऊन आंबतो, तिथली आम्लता वाढते आणि तंतू पचवणारे जिवाणू मरतात. त्यातून पोटशूळ होतो, कधी लॅमिनायटिसही (खुरांच्या आतला दाह). चंदीतला कुठलाही बदल दहा-चौदा दिवसांत हळूहळू करायचा असतो, तेवढे दिवस आता हातात नाहीत. उलट शेवटच्या दिवसांत मेहनत कमी होते, तेव्हा दाणाही थोडा कमी करा; नाहीतर स्नायू आखडण्याचा धोका असतो. एका तोबऱ्यात दोन किलोंच्या वर दाणा कधीच नको.

घोडीला ८० किमी नेणारी शिदोरी मोठ्या आतड्यात असते. लांब तंतूचं गवत तिथे भरपूर पाणी आणि क्षार धरून ठेवतं, आणि घाम गाळताना शरीर त्यातूनच उचल करतं. म्हणून रोज आठ-नऊ किलो चांगलं सुकं गवत पोटात गेलंच पाहिजे. प्रवासात आणि आदल्या रात्रभरही ते समोर असू द्या. बीटचा सुका चोथा तिच्या रोजच्या खाण्यात असेल तर एक किलोला चार लिटर पाणी घालून पूर्ण फुगल्यावर द्या, पाणीही आपोआप पोटात जातं.

शेवटची चंदी सुरुवातीच्या किमान चार तास आधी. त्यानंतर दिली तर ऐन सुरुवातीला इन्सुलिन चढलेलं असतं, चरबी जाळण्याचं काम मंदावतं आणि रक्तातली साखर घसरते. गवत मात्र खोगीर चढेपर्यंत चालेल. रिकाम्या पोटी दुडकी चाललेल्या घोडीच्या जठरातलं आम्ल वरच्या, संरक्षण नसलेल्या भागावर उसळतं आणि तिथे व्रण होतात.

लसूणघास रोजची मुख्य वैरण असेल तर तिचं प्रमाण आतापासूनच थोडं थोडं उतरवत न्या. तिच्यातल्या भरपूर कॅल्शियममुळे हाडांतून कॅल्शियम काढण्याची शरीराची सवय मोडते, मग स्पर्धेत घामावाटे ते गेलं की हृदयाच्या ठोक्याबरोबर कूस (बरगड्यांमागची बाजू) उडायला लागते. जास्तीच्या प्रथिनांमुळे लघवी आणि उष्णताही वाढते.

आता क्षार. ते आधी साठवता येत नाहीत. जास्तीचे काही तासांत लघवीवाटे निघून जातात. आठवडाभर रोज साधारण ३० ग्रॅम साधं मीठ चंदीत आणि मुबलक पाणी, एवढं पुरे. एक लिटर घामात साधारण ३ ग्रॅम सोडियम, ५ ते ६ ग्रॅम क्लोराइड आणि दीड ग्रॅम पोटॅशियम जातं. इलेक्ट्रोलाइटच्या पाकिटावर हाच क्रम बघा: क्लोराइड सगळ्यात जास्त, मग सोडियम, मग पोटॅशियम. पहिला घटक साखर असेल तर ते पाकीट ठेवून द्या. बायकार्बोनेट असलेलंही नको, कारण क्लोराइड गमावून या घोड्यांचं रक्त आधीच अल्कधर्मी होत असतं. स्पर्धेत इलेक्ट्रोलाइट सिरिंजने तोंडात द्यायचं ते घोडी पाणी प्यायल्यावरच. न प्यायलेल्या, सुकलेल्या घोडीला दाट मिश्रण दिलं तर ते शरीरातलंच पाणी आतड्यात ओढतं.

तेल आधीपासून चालू असेल तर तेवढंच ठेवा. नव्याने सुरू करून उपयोग नाही, स्नायूंना ते वापरायची सवय व्हायला कित्येक आठवडे लागतात. ई जीवनसत्त्व चालेल, पण सेलेनियम असलेली दोन पूरकं एकत्र नकोत; त्याची गरज आणि विषबाधा यांत अंतर फार थोडं आहे. एफईआयची (आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाची) स्पर्धा असेल तर ‘नैसर्गिक’ या शब्दावर विसंबू नका: व्हॅलेरियन ही शांत करणारी वनस्पती आणि मिरचीतलं कॅप्सेसिन दोन्ही प्रतिबंधित यादीत आहेत.

आणि मोतद्दाराला एक काम नेमून द्या. स्पर्धेच्या जागी पोचल्यापासून बादलीतलं पाणी मोजून लिहायचं आणि शेणाकडे लक्ष ठेवायचं. परक्या पाण्याला घोडी तोंड लावत नसेल तर घरूनच चवीची सवय लावावी लागते: पाण्यात बीटच्या चोथ्याचं पाणी किंचित मिसळायचं, आजपासून, आणि तिथेही तेच द्यायचं.