श्रीलंकेवर संशोधन करतोयस तर

आधी जिनिव्हातली मतं बघ. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेत, श्रीलंकेतल्या यादवी युद्धातल्या अत्याचारांबद्दलच्या ठरावाला भारताने २०१२ आणि २०१३ मध्ये पाठिंबा दिला, २०१४ मध्ये तटस्थ राहिला. नुसतं ‘धोरण बदललं’ लिहून मोकळा होऊ नकोस. २०१४ च्या ठरावात आंतरराष्ट्रीय चौकशी होती, तिलाच दिल्लीचा आक्षेप होता. भारताचं तेव्हाचं निवेदन मुळातून वाच. २०१३ मध्ये तमिळनाडूतल्या द्रमुकने श्रीलंकेतल्या तमिळांच्या याच प्रश्नावर केंद्राचा पाठिंबा काढला होता, तेव्हा तमिळ वाचणारा सहलेखक हवाच. इंग्रजी पेपरांवर भागत नाही.

श्रीलंकेच्या उत्तरेतल्या, तमिळबहुल जाफन्यातल्या सहकाऱ्याचं वेगळं. लेख छापून आल्यावरही त्याला तिथेच राहायचंय. मुलाखत देणाऱ्यांची खरी नावं तुझ्या लॅपटॉपवर येऊच देऊ नकोस, आणि लेखक म्हणून स्वतःचं नाव घालायचं की नाही, हे त्यालाच ठरवू दे. गाइडला कितीही घाई असली तरी.