पारगडला निघण्याआधी

डिचोली

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. चौघंजण, दोन मोटारसायकली, येता रविवार, मोर्लेहून पायवाटेनं पारगड. आणि खाली, "सर, काय काय न्यायचं?" सामानाचं मागाहून सांगतो, आधी वाटेचं बोलू.

मोर्लेची वाट आत्ता पावसाळ्यात नको. दिवाळीनंतर जाऊ, हवं तर मीही येईन. तुझ्या वयाचा असताना एका जुलैत आम्ही तिथूनच चढलो होतो. सकाळी जाताना वाटेतला व्हाळ, म्हणजे ओढा, घोट्याएवढा होता, पाणी इतकं नितळ की तळाचे गोटे मोजावेत. उतरताना तोच मांडीपर्यंत, चहाच्या रंगाचा, मधूनच एखादी फांदी घेऊन येणारा. गंमत म्हणजे आमच्या डोक्यावर तासाभरात थेंबही पडला नव्हता. पाऊस वर घाटमाथ्यावर कोसळला होता. आमच्यातल्या एकाला संध्याकाळी लग्नाला जायचं होतं, तो पाण्यात उतरायला निघाला. त्याला आम्ही पट्ट्याला धरून खाली बसवला. चौघांत बिस्किटांचा एक पुडा. पाणी ओसरलं तेव्हा दिवेलागण झाली होती. घरी पोचलो ते दुसऱ्या दिवशी, आणि लग्नाची पंगत कधीच उठली होती.

पाणी गढूळ व्हायला लागलं, त्यातून पाचोळा वाहायला लागला की ओलांडायचं नाही, तेवढं डोक्यात ठेव. शिवाय आमच्या वेळी दोडामार्गाच्या रानात हत्ती नव्हते. आता आहेत. धुक्यात दहा पावलांवरचं झाड दिसत नाही आणि हत्ती झाडापेक्षा फारसा जास्त आवाज करत नाही. तिथल्या लोकांच्या काजू-केळीच्या बागा त्यांनी उद्ध्वस्त केल्या आहेत, माणसंही दगावली आहेत. हौसेसाठी त्या वाटेला जाण्यात शहाणपण नाही.

तेव्हा दोडामार्ग, तिलारी, मग घाट. निघण्याआदल्या दिवशी घाट चालू आहे का ते दोडामार्गात कुणाला तरी फोन करून विचार, दरड आली की बंद असतो. वळणं आवळ आहेत, पहिल्या गिअरवर जा, मागे बसणाऱ्याला मोबाइल खिशात ठेवायला सांग. चढून चंदगडच्या बाजूला गेलात की विचारत विचारत जा, पाट्यांवर विसंबू नका. गडाच्या अलीकडे एखाद्या वस्तीत गाड्या लावा आणि उरलेलं चाला. "मग तो ट्रेक कसला?" असं म्हणशील. पायऱ्याच साडेतीनशेच्या आसपास आहेत, शेवाळलेल्या. चढताना काही वाटत नाही. उतरताना तुझ्या पोटऱ्याच तुला उत्तर देतील.

एक सांगून ठेवतो. वरून काहीही दिसणार नाही. गड सुमारे 738 मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात तिथून तिलारीचं खोरं, आपल्या बाजूचे डोंगर असं पुष्कळ दिसतं. आषाढात मात्र ढगात बसल्यासारखं. फोटोसाठी जाणारे तिथे वैतागतात. मला विचारशील तर गड पावसातच पाहावा. लांबचं दिसत नाही म्हणून माणूस पायाखालची पायरी बघतो, तोफेवर हात ठेवतो, पाणी कुठून येतं नि कुठल्या तळ्यात जातं ते बघतो.

आणि हा गड नुसता दगडांचा नाही, तिथे घरं आहेत. तानाजी मालुसऱ्यांच्या मुलाचं, रायबाचं लग्न तुला पाठ असेल, "आधी लगीन कोंढाण्याचं" म्हणून. पुढे त्या रायबाचं काय झालं, हे मी वर्गात विचारायचो तेव्हा सगळे माना खाली घालत. त्याला महाराजांनी पारगडचा किल्लेदार केलं. साल 1676. क्रम जुळवून बघ. 1668 मध्ये नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचा जीर्णोद्धार, 1675 मध्ये फोंड्याचा कोट स्वराज्यात, आणि लगेच पुढच्या वर्षी हा गड. पोर्तुगीज आणि त्यांच्याकडून वर येणाऱ्या वाटा डोळ्यांखाली राहाव्यात म्हणून. अगदी पार टोकाला, म्हणून पारगड, असं म्हणतात. आपण डिचोलीकर ज्यांच्या पहाऱ्यात होतो, त्यांचे वंशज अजून तिथेच राहतात. मालुसरेही आहेत.

म्हणून पाहुण्यासारखं जा. अंगणात चिखलाचे बूट घेऊन शिरू नका. कुणाच्या घरात जुनं शस्त्र आहे असं ऐकलंत म्हणून "दाखवा ना" करत दार वाजवू नका. त्यांनी आपणहून दाखवलं तर हात धुऊन, बसून बघा. जाताना चहापूड, साखर, दोन-चार काड्यापेट्या घेऊन जा. पावसात तिथून दुकानाला जाणं म्हणजे काय, ते तुम्हाला पायऱ्या चढतानाच कळेल. वर गेल्यावर आधी मारुतीला, भवानीला नमस्कार, मग डबा.

तुझ्या त्या मित्राला निक्षून सांग, गाडीच्या डिकीत बाटली नको. आपल्याकडची दारू सीमेपलीकडे नेली तर तपासणीत अडकाल, ते वेगळंच. पण मी त्यासाठी म्हणत नाही. टाकी मात्र गोव्यातच भरून घ्या, पलीकडे पेट्रोल महाग.

आता सामान. खोल खाचांचे रबरी सोलचे बूट. छत्री घरी ठेव, वर वारा तिला उलटी करून परत देतो. रेनकोट हवा, आणि कोरडे कपडे प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत, एकीत दुसरी. जळवांसाठी मीठ पुरचुंडीत. चिकटली तर ओढून काढू नकोस. झुडपाला किंवा कपारीला न बघता हात घालायचा नाही, हिरवा चापडा हा विषारी साप पानासारखाच दिसतो. डब्यात चपाती-भाजी ने. पोदेराचे, म्हणजे आपल्या पाववाल्याचे, पाव नेऊन आम्ही एकदा बघितलेत, भिजून लापशी झाली आणि ती आम्ही चमच्याशिवाय खाल्ली.

वेळेचं आत्ताच, घरी बसूनच ठरवा. दुपारी दोनला उतरायला सुरुवात, मग बुरूज बघायचे राहिले तरी राहू देत. वर गेल्यावर ठरवायला गेलात तर चौघांची चार मतं होतील, आणि धुक्यात चारलाच काळोख दाटतो. घाट उजेडात उतरायचाय. घाटात मोबाइलची रेंज भरवशाची नाही, तेव्हा आईला "सातपर्यंत फोन आला नाही तर काळजी करू नकोस, आठपर्यंत नाही आला तर सरांना कळव" असं सांगून नीघ.

शनिवारी संध्याकाळी घरी येऊन माझी टॉर्च घेऊन जा. सेल नवे घातलेत. मागच्या वेळी तू नेलेली घोंगडीही त्याच फेरीत परत आण, तुझ्या काकू रोज विचारतात.

तुझा,
सर