जर्मनीत खेळायला जाऊ का? सोलापूरच्या एका खेळाडूला उत्तर

तुझा प्रश्न असा : विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघातून खेळलोय, पदवीचं शेवटचं वर्ष आहे. एक एजंट म्हणतो, पैसे भर, जर्मनीतल्या क्लबचा ‘प्लेअर व्हिसा’ काढून देतो. भरू का? आणि खेळणं थांबल्यावर तिकडे कोच होता येईल का?

पैसे भरू नकोस. व्यावसायिक खेळाडू किंवा कोच म्हणून तिथे राहायचा परवाना हवा असेल, तर ज्या कमाल पगारापर्यंत तिथे पेन्शनची वर्गणी कापतात, त्याच्या निम्मा तरी पगार लागतो. 2025 मध्ये हा आकडा महिन्याला 4,025 युरो होता. शिवाय तुझ्या खेळाच्या दर्जाला तिथल्या महासंघाची मान्यता लागते. तिकडच्या लीगांत सगळ्यात वर बुंडेसलीगा, मग प्रो-ए, प्रो-बी आणि त्याखाली रेगिओनाललीगा. आपल्याला दार उघडतात ते रेगिओनाललीगाचे किंवा त्याहून खालचे क्लब, आणि एवढा पगार त्यांच्या आवाक्यात नसतो. आपल्या सतनाम सिंगला 2015 मध्ये अमेरिकेतल्या एनबीए लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, निवडलं, पण तो सात फूट दोन इंच उंच होता. तू पॉइंट गार्ड आहेस, म्हणजे बॉल पुढे नेऊन खेळ मांडणारा, उंचीने कमी खेळाडू.

मी जर्मनीत विद्यार्थी म्हणून गेलो आणि शिकता शिकता खेळलो. तोच रस्ता तुला सांगेन. त्यासाठी बँकेत अडकवून ठेवायची रक्कम सध्या वर्षाला 11,904 युरो आहे. घरी हा आकडा आधीच स्पष्ट सांग. वडिलांना कर्ज काढावं लागणार असेल तर घाई नको. विद्यार्थी व्हिसावर वर्षातून 140 पूर्ण दिवस नोकरी करता येते. क्लब पक्का झाला की ‘लेटर ऑफ क्लिअरन्स’ लागतं, म्हणजे तुला तिकडे खेळायला आपल्या फेडरेशनची हरकत नाही असं पत्र. ते नव्या क्लबसाठी तिथला महासंघ फिबामार्फत, म्हणजे बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेमार्फत, मागवतो. एजंट त्याचे वेगळे पैसे मागत असेल, तर तिथेच बोलणं थांबव.

आता कोचिंग. मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते याबद्दल, कारण खेळण्याची वर्षं मोजकीच असतात आणि लहान मुलांना शिकवणारी माणसं क्लबांना कायम कमी पडतात. पहिल्याच महिन्यात क्लबला विचार, ‘दहा वर्षांखालच्यांच्या प्रॅक्टिसला मदतीला येऊ का?’ तिथे रिंग 2.60 मीटरवर असते, बॉलही लहान. लहान गटांत झोन डिफेन्सला, म्हणजे माणूस न धरता जागा राखण्याला, बंदी आहे. सोलापूरच्या पार्क मैदानाच्या आसपास खेळून आलेल्या आपल्याला टू-थ्री झोन (पुढे दोघं, मागे तिघं) पाठ असतो; आठ वर्षांच्या पोराला मात्र पाय कसे हलवायचे, आपला माणूस कसा धरायचा, हे शिकवावं लागतं. मी कोच झालो तो तिथेच. एक मुलगी लेअप, म्हणजे दोन पावलं टाकून रिंगजवळून घेतलेला शॉट, चुकीच्या पायावर घ्यायची. बोलून तिला समजेना. शेवटी जमिनीवर खडूने दोन पावलं काढली, बॉल बाजूला ठेवला आणि नुसती पावलं टाकायला लावली. त्याच संध्याकाळी तिला जमलं. त्या वेळी माझं जर्मन दहा-बारा शब्दांपलीकडे नव्हतं.

पण तेवढ्या जर्मनवर कोचचा परवाना मिळत नाही. पहिला परवाना सी, त्यासाठी साधारण 120 तासिका. वर्ग आणि परीक्षा जर्मनमध्येच. म्हणून आत्ताच शिकायला लाग; पुण्यात मॅक्सम्युलर भवन आहे. मुलांसोबत काम करायला चारित्र्याचा विशेष सरकारी दाखलाही मागतात. तो वेळेत काढ. कोचला मिळणारं मानधन 2026 पासून वर्षाला 3,300 युरोंपर्यंत करमुक्त असतं. घर चालेल एवढे हे पैसे नाहीत. आणि विद्यार्थी व्हिसावर स्वतंत्र व्यवसायाला वेगळी परवानगी लागते, त्यामुळे क्लबशी लेखी करार कर आणि परदेशी नागरिकांच्या कार्यालयात विचारून मगच पैसे घे.

भारतात असतानाच दोन गोष्टी कर. फिबाची स्कोअरशीट नीट भरायला शीक. तिकडे घरच्या मॅचला स्कोअर लिहायच्या टेबलवर खेळाडूंनाच बसवतात, आणि ते येणारा माणूस क्लबला लगेच आपला वाटतो. दुसरं, एखाद्या शाळेत सकाळी पाचवी-सहावीच्या मुलांना शिकव आणि त्याचा व्हिडिओ ठेव. क्लबला ईमेल करशील तेव्हा मॅचमधल्या बास्केटांसोबत तोही पाठव. मजकूर तयार झाला की मला दाखव, जर्मन मी तपासून देतो.