रॅम वाढवल्यावर मेमरीचा वेग ३२०० वरून २६६७ वर आला, स्टिक परत करू का?

तुम्ही दिलेल्या माहितीप्रमाणे लॅपटॉप अकराव्या पिढीच्या आय५-११३५जी७ चा आहे, ८ जीबी डीडीआर४ बोर्डावरच सोल्डर केलेली आहे आणि रिकाम्या स्लॉटमध्ये तुम्ही १६ जीबीची स्टिक टाकलीत. तेव्हापासून टास्क मॅनेजर ३२०० ऐवजी २६६७ दाखवतोय.

बिघाड काही झालेला नाही. प्रत्येक स्टिकवर एसपीडी नावाची बारीकशी चिप असते आणि ती स्टिक कोणकोणत्या वेगाने चालू शकते हे तीत लिहिलेलं असतं. लॅपटॉप सुरू होताना बायोस (विंडोजच्या आधी चालणारा, बोर्डावरचा प्रोग्राम) ते वाचतो आणि सगळ्यांना झेपेल असा एकच वेग ठरवतो. एक चॅनल (रॅम आणि प्रोसेसरमधला डेटाचा रस्ता) ३२०० वर आणि दुसरा २६६७ वर, असं चालत नाही. तुमचा प्रोसेसर डीडीआर४ ३२०० पर्यंत चालवतो आणि बोर्डावरची रॅम आधी त्याच वेगाने चालत होती, म्हणजे संशय नव्या स्टिकवरच जातो. ती काढून लेबल वाचा. पीसी४-२६६६व्ही किंवा पीसी४-२१३०० असं असेल तर ती २६६६ चीच आहे (२६६६ आणि २६६७ हा एकच वेग). ३२०० च्या स्टिकवर पीसी४-३२००एए किंवा पीसी४-२५६०० असतं. दुकानात नुसतं 'लॅपटॉपची डीडीआर४, १६ जीबी' असं सांगितलं की यातलं काहीही हातात पडू शकतं.

खोक्यावर ठळक ३२०० आहे आणि तरी वेग कमी, असंही होतं. काही गेमिंग स्टिकचा जाहिरातीतला वेग एक्सएमपी प्रोफाइलमधला, म्हणजे स्टिकवर वेगळ्या लिहिलेल्या जास्त वेगाच्या सेटिंगमधला असतो. बहुतेक लॅपटॉपचे बायोस एक्सएमपीकडे बघतही नाहीत, ते साधं जेडेक प्रोफाइल, म्हणजे मानक वेगाची नोंद उचलतात. (सीपीयू-झेड या हार्डवेअरची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये १३३३ दिसलं तर घाबरू नका, तिथे घड्याळाचा खरा आकडा दिसतो. डीडीआर म्हणजे एका ठोक्याला दोनदा डेटा, म्हणून दुप्पट करून वाचायचं.)

आता लॅपटॉप हळू झाला का? हिशोब करून बघा. ३२०० वर एका चॅनलमधून सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी डेटा जातो, २६६७ वर २१.३. पण बोर्डावरची रॅम एका चॅनलवर असेल, आणि एकच स्लॉट असलेल्या अशा लॅपटॉपमध्ये सहसा तसंच असतं, तर आता तुमचे दोन चॅनल चालू आहेत, म्हणजे ४२.६ च्या आसपास. ८ आणि १६ अशी विषम जोडी असल्यामुळे इंटेलच्या फ्लेक्स मोडमध्ये दोन्हीकडचे ८-८ जीबी दुहेरी चॅनलवर चालतात आणि उरलेले ८ एकेरी. विलंबात, म्हणजे मागितलेला डेटा यायला लागणाऱ्या वेळात तर फरक जवळजवळ नाहीच: ३२०० ला सीएल२२ (घड्याळाचे २२ ठोके) म्हणजे १३.७५ नॅनोसेकंद, २६६६ ला सीएल१९ म्हणजे सव्वाचौदा.

याचा पुरावा डिव्हाइस मॅनेजरमध्ये मिळेल. डिस्प्ले अडॅप्टर उघडा. या पिढीत एकाच चॅनलवर रॅम असेल तर ग्राफिक्सचं नाव 'यूएचडी' दिसतं, दोन्ही भरले की तेच 'आयरिस एक्सई' होतं. तुमच्याकडे नाव बदललं असेल, तर रॅमचा आकडा खाली जाऊनही मशीन आधीपेक्षा जोरात चालतंय. मला विचाराल तर टास्क मॅनेजरने वेगाचा आकडा इतक्या दर्शनी भागात ठेवायलाच नको होता, लोकांची झोप उगाच उडते.

स्टिक परत करायची मुदत असेल आणि तेवढ्याच पैशात ३२०० ची मिळत असेल, तर जरूर बदला. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसल्यामुळे आयरिस एक्सई हीच रॅम वापरतं, त्यामुळे गेम खेळताना किंवा व्हिडिओ एडिट करताना थोडा फरक जाणवेल. ब्राउझर, एक्सेल, कोडिंग एवढंच असेल तर जाणवणार नाही. बिलावर ३२०० आणि लेबलवर २६६६ असेल, तर मात्र दुकानदाराशी भांडाच, तो पैशांचा प्रश्न आहे.

आणि लेबलवर ३२००एए असूनही २६६७ च दिसत असेल, तर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून बायोस अपडेट करा, मग स्टिक काढून पुन्हा नीट बसवा. उघडण्याआधी चार्जर काढा आणि बॅटरीची पिनही सोडवा.