आठ ठिकाणी छापून आलं, तरी खबर एकाचीच असू शकते

(वाचक विचारतात, संदर्भ विभागातल्या ताई उत्तर देतात)

प्रश्न : ताई, शाळेच्या वार्षिक अंकासाठी आहारातल्या गैरसमजांवर लेख लिहितो आहे. पालकात लोह भरपूर असतं हा समज एका जर्मन शास्त्रज्ञाचं दशांश चिन्ह चुकल्यामुळे पसरला, असं सात-आठ संकेतस्थळांवर वाचलं. इतक्या ठिकाणी आहे म्हणजे बिनधास्त लिहू ना?
– एक शिक्षक

उत्तर : सर, थांबा. नेमका हाच किस्सा मी नवीन मंडळींना शिकवायला वापरते, कारण गैरसमज खोडायला निघालेली ही गोष्ट स्वतःच कच्ची आहे.

ती गाजली १९८१ साली. टेरेन्स हॅम्ब्लिन नावाच्या डॉक्टरांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये खोट्या संशोधनावर एक खुसखुशीत लेख लिहिला, त्यात हा दशांश चिन्हाचा किस्सा होता. किस्सा कुठून घेतला, याचा संदर्भ मात्र दिला नव्हता. पुढे पुस्तकं, लेख, भाषणं सगळीकडे तो फिरला. २०१० साली माइक सटन या गुन्हेशास्त्राच्या अभ्यासकाने मागचे कागद उकरून काढले, तेव्हा दशांश चिन्ह सरकल्याचा पुरावा काही मिळाला नाही. ओले ब्योर्न रेकडाल यांनी तर २०१४ मध्ये याच उदाहरणावरून दाखवलं की, भले भले प्राध्यापकही मूळ लेख न उघडता दुसऱ्याच्या तळटिपा उचलतात.

आता तुमची सात-आठ संकेतस्थळं घ्या. प्रत्येकाने कुणाचा हवाला दिलाय ते बघा. दोघांनी एका वर्तमानपत्राचा दिला असेल, वर्तमानपत्राने एका पुस्तकाचा, आणि बाकीच्यांनी कुणाचाच नाही. म्हणजे साक्षीदार आठ नाहीत, फार तर एक, आणि तोही ऐकीव. हवालाच दिला नसेल, तर मजकुरातलं एखादं वेगळं वाटणारं वाक्य जसंच्या तसं अवतरणचिन्हांत टाकून शोधा. शब्द न् शब्द तेच वाक्य कुठे कुठे चिकटवलंय ते दिसतं, आणि त्यातलं सगळ्यात जुनं कोणतं याचाही अंदाज येतो. पानावरच्या तारखेवर मात्र फार विसंबू नका. जुना मजकूर नव्या तारखेने पुन्हा चढवणं सर्रास चालतं. संशय आला तर ते पान ‘वेबॅक मशीन’मध्ये, म्हणजे संकेतस्थळांच्या जुन्या प्रती साठवणाऱ्या संग्रहात टाका, आधी ते कसं होतं याच्या नोंदी बऱ्याचदा सापडतात.

लेखात लिहायचंच असेल, तर पालकाचा आकडा अन्नघटकांच्या तक्त्यातून घ्या. कच्च्या पालकात १०० ग्रॅममागे साधारण २.७ मिलिग्रॅम लोह असतं, पण त्यातलं थोडंच अंगी लागतं. दशांश चिन्हाची गोष्टही लिहा, फक्त ती गोष्ट कशी पसरली हे सांगण्यासाठी. माझ्या मते अंकातला तोच भाग मुलं वाचतील.

प्रश्न : संकेतस्थळ विश्वासार्ह आहे हे ओळखायचं कसं? मी संस्थेचं नाव, शेवटचं ‘डॉट ऑर्ग’, ‘आमच्याविषयी’चं पान आणि खालची संदर्भसूची बघते. पुरे आहे का?
– एक गृहिणी, दोन लहान मुलांची आई

उत्तर : नाही. तुम्ही बघता त्या चारही गोष्टी संकेतस्थळवाल्याच्याच हातात असतात. ‘डॉट ऑर्ग’ कुणालाही घेता येतं, आणि ‘आमच्याविषयी’मध्ये स्वतःबद्दल वाईट कोण लिहितं?

स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी एक प्रयोग केला. इतिहासाचे १० अभ्यासक, २५ विद्यार्थी आणि १० व्यावसायिक तथ्यतपासनीस यांना संकेतस्थळं पारखायला दिली. त्यांतली एक जोडी मुलांच्या डॉक्टरांच्या दोन अमेरिकी संघटनांची होती. नावं ऐकून गोंधळायलाच होईल: ‘अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स’ आणि ‘अमेरिकन कॉलेज ऑफ पीडियाट्रिशियन्स’. पहिली १९३० सालची, साठ हजारांहून अधिक सदस्यांची. दुसरी २००२ मध्ये, समलिंगी जोडप्यांच्या दत्तक घेण्याला पहिलीने पाठिंबा दिला म्हणून निघालेली, तिच्या तुलनेत मूठभर लोकांची. दुसरीचं पान नीटनेटकं होतं, खाली संदर्भही होते. विद्यार्थी पान वर-खाली न्याहाळत बसले आणि बरेच जण तिच्यावर भाळले. अभ्यासकही अडखळले. तपासनीसांनी पान जेमतेम पाहिलं आणि शेजारी नवीन टॅब उघडून दुसरे लोक या संस्थेबद्दल काय म्हणतात ते शोधलं. त्यांना उलगडा व्हायला वेळ लागला नाही.

स्थळ आलं की मुलाच्या घरच्यांनाच ‘मुलगा कसा आहे हो?’ असं आपण विचारत नाही, चार बाहेरच्यांना विचारतो. तसंच करा. संस्थेचं नाव शोधताना तिचं स्वतःचं संकेतस्थळ निकालातून वगळा, पैसा कुठून येतो ते बघा. विकिपीडियाही या कामाला चालतो, आणि याबद्दल कुणी नाक मुरडलं तर मुरडू दे. लेखापेक्षा त्याच्या तळटिपा जास्त उपयोगी पडतात.

प्रश्न : ग्रंथालयाच्या डेटाबेसमध्ये ‘रात्रपाळीचा परिचारिकांच्या झोपेवर काय परिणाम होतो’ हे इंग्रजीत अख्खं वाक्य टाकलं, निकाल शून्य. गुगलवर ढीगभर मिळतं. मग डेटाबेसचा उपयोग काय?
– नर्सिंगची विद्यार्थिनी

उत्तर : अगं, बऱ्याच डेटाबेसना वाक्य कळत नाही, शब्द कळतात. तुझ्या प्रश्नात तीनच कल्पना आहेत: परिचारिका, रात्रपाळी, झोप. ‘काय परिणाम होतो’ हे सोडून दे. एकाच कल्पनेचे वेगवेगळे शब्द ‘ऑर’ने जोडून कंसात घाल आणि तिन्ही कंस ‘अँड’ने जोड. पबमेडमध्ये, म्हणजे वैद्यकीय लेखांच्या मोफत डेटाबेसमध्ये, हे जोडशब्द कॅपिटल अक्षरांत लिहायचे. शब्दाचं मूळ लिहून पुढे तारा (*) टाकला की त्याची सगळी रूपं येतात, पण बेताने. ‘नर्स’च्या शेवटच्या ‘ई’ऐवजी तारा टाकलास की नर्स, नर्सिंग यांच्याबरोबर पाळणाघरं आणि रोपवाटिकाही हजर होतील.

खरी गंमत विषयशीर्षकांत आहे. पबमेडमधल्या बऱ्याच लेखांना माणसांनी ठरवलेल्या शब्दसूचीतून विषय जोडलेले असतात. रात्रपाळीवरचे कित्येक लेख तिथे ‘वर्क शेड्यूल टॉलरन्स’ या शीर्षकाखाली आहेत. हे कुणाला आपल्या मनाने सुचणार? म्हणून आधी एकच चांगला लेख शोध, त्याच्या नोंदीत खाली दिलेली विषयशीर्षकं उतरवून घे आणि त्यांनी पुन्हा शोध. मग त्या लेखाने कुणाचा आधार घेतला आणि नंतर कुणी त्याचा घेतला, या दोन्ही वाटांनी जा.

एक सांगते. ‘पीअर रिव्ह्यूड’वर (म्हणजे छापण्याआधी त्याच विषयाच्या इतर तज्ज्ञांनी तपासलेले लेख) खूण केली म्हणजे काम झालं असं नाही. गोवर-गालगुंड-रुबेलाची एकत्रित लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा अँड्र्यू वेकफिल्ड यांचा १२ मुलांवरचा लेख १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’सारख्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आला होता. तो मागे घेतला गेला २०१० मध्ये. मागे घेतलेल्या लेखावर संकेतस्थळावर ‘रिट्रॅक्टेड’ असा शिक्का असतो, पण तू कधीतरी उतरवून ठेवलेल्या पीडीएफवर तो आपोआप उमटत नाही. प्रबंधात संदर्भ देण्याआधी मूळ नोंद पुन्हा उघडून बघ.

प्रश्न : चॅटबॉटने पाच संदर्भ दिले, लेखक-वर्ष-पानांसकट. एकही सापडत नाहीये. कुठे शोधू?
– एम.ए.चा विद्यार्थी

उत्तर : कुठेच नको, बहुधा ते अस्तित्वातच नाहीत. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले खटले न्यायालयात सादर केले आणि पाच हजार डॉलरचा दंड ओढवून घेतला. संदर्भासोबत १० या आकड्याने सुरू होणारा डीओआय क्रमांक (लेखाची कायमची ओळख सांगणारा क्रमांक) असेल, तर तो ‘डीओआय डॉट ऑर्ग’वर टाक. लेख उघडला तरी शीर्षक आणि लेखक ताडून बघ, कारण क्रमांक खरा आणि लेख भलत्याच विषयावरचा, असंही होतं. क्रमांक नसेल तर शीर्षक अवतरणचिन्हांत टाकून शोध. नाहीच मिळालं तर त्या नियतकालिकाच्या त्या वर्षाच्या अंकाची अनुक्रमणिका उघड आणि ती पानं कुणाच्या लेखाची आहेत ते बघ.