एक फॉल्स माफ

"मॅडम, पोरीने वर्षभर घाम गाळला आणि नियमाने एका क्षणात घरी पाठवलं. हा कुठला न्याय?" वयोगट बदलला, पात्रतेची वेळ कडक झाली की खेळाडूंचे पालक समुपदेशनासाठी माझ्याकडे हाच प्रश्न घेऊन येतात. त्यातली ही एक गोष्ट, ओळख पुसून.

सतरा वर्षांची मुलगी, शंभर मीटरवाली. बंदुकीआधी पाय हलला, म्हणजे फॉल्स स्टार्ट; लाल-काळं कार्ड समोर आलं, बाद. तेव्हापासून तिचा स्टार्टच गेला. "सेट म्हटलं की बंदुकीकडे लक्षच नसतं. कार्ड माझ्याकडे येतंय का, एवढंच डोक्यात." बोलताना दहाही बोटं माझ्या टेबलाच्या कडेला टेकलेली, शर्यत सुटायच्या आधी स्टार्टिंग ब्लॉक्समध्ये बसल्यासारखी.

वडीलही जुने धावपटू. "आमच्या वेळी एक फॉल्स माफ असायचा." खरंच असायचा. २००२ पर्यंत प्रत्येकाला एक; मग सगळ्यांत मिळून एक; २०१० पासून एकही नाही. २०११ला देगूच्या जागतिक स्पर्धेत, शंभर मीटरच्या अंतिम फेरीत, खुद्द उसेन बोल्ट असाच बाद झाला. हे सगळं मी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं. उपयोग शून्य. माहितीने दुखणं हलत नाही, हे वीस वर्षांनंतरही मी अधूनमधून विसरते.

चौथ्या भेटीत वडिलांना विचारलं, "तो माफीचा फॉल्स तुम्ही कधी वापरलात?"

ते हसले. "मुद्दाम करायचो की! शेजारचा बिचकायचा."

मुलीची बोटं टेबलावरून उठली. "मग बाबा, त्या शेजारच्याचं काय?"

मी गप्प राहिले. अशा वेळी गप्प राहायला शिकण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. पण त्या शांततेत मला दिसलं, की पोरगी इतके दिवस वडिलांच्या काळातली शर्यत धावत होती.

नियम बदलला की आधी बघा: तो वेळेवर कळवला होता का? आठही लेनना सारखाच आहे का? नसेल तर लेखी तक्रार करा, मागे हटू नका. असेल, तरी तो निर्दय वाटू शकतो. हा मलाही वाटतो. 'नसता तर बरं' अशी इच्छा ठेवून धावता येतं. 'नसायलाच हवा' हा हट्ट धरला, की कान बंदुकीवर राहत नाहीत.

तिचा स्टार्ट अजून जरा उशिराच होतो. शेवटच्या भेटीत वडील दारातून वळले, "तरी मॅडम, एक फॉल्स माफ असायलाच हवा."

चपला घालता घालता ती म्हणाली, "'असता तर बरं' म्हणा, बाबा."